एका कळीची दोन मापं

१

धोंडिराम खरात गेला तेव्हा प्लेटिंगच्या शेडमध्ये दोनच माणसं होती. एक तो स्वतः, टाकीवर ओणवा होऊन जाळी साफ करत असलेला. दुसरा महादू तांडेल, काचेच्या आडोशापलीकडे, जी कळ दाबली की टाकीत आम्ल पडतं तिच्यासमोर उभा.

टाकीत एका वेळी एक माप आम्ल पडायचं. एका मापाने काही होत नसे, गेली दोन वर्षं ते रोज पडत होतं. त्या दिवशी दोन मापं पडली. टाकीतून पिवळट वायू उठला आणि धोंडिराम जागच्या जागी कोसळला. महादूने आत धावत जाऊन त्याला ओढत अंगणात आणलं खरं, पण तोवर उशीर झाला होता. स्वतः महादू त्यानंतर आठ दिवस इस्पितळात खोकत पडला, आणि बरा होऊन घरी आला तर दारात निलंबनाचा कागद.

ही १९८७ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत ‘मेघदीप कंट्रोल्स’ नावाची कंपनी होती. खाली धातूंवर मुलामा चढवायची प्लेटिंगची शेड, वर माडीवर कॉम्प्युटरवाली मंडळी. वर जे यंत्र बनायचं ते आधी खाली स्वतःच्या टाक्यांवर चालवून बघायचं, मगच गिऱ्हाइकाला विकायचं, ही मालक श्यामसुंदर लोटलीकर यांची पद्धत. आम्ल सोडणारा पंप अशाच एका यंत्राच्या हुकमात होता.

खातेनिहाय चौकशीसाठी कंपनीने मुलुंडहून मृणालिनी कर्णिक यांना बोलावलं. बाई कामगार कायद्याच्या वकील. वय पन्नाशीला टेकलेलं, बोलणं मोजकं. त्यांनी दिलेला निष्कर्ष वरच्या कोर्टात टिकतो, म्हणून कंपन्या त्यांना बोलवत, आणि त्याच कारणासाठी जरा बिचकूनही असत.

“तसं सरळ प्रकरण आहे, मॅडम,” लोटलीकर म्हणाले. “आदल्याच आठवड्यात दोघांची हाणामारी झाली होती. महादूची मनोरीच्या खाडीवरची होडी चुकली, तो उशिरा आला, धोंडिरामने त्याला गेटवरून परत पाठवला. सगळ्यांदेखत हा म्हणाला, तुला बघून घेईन. पोलीसही तुमच्या निष्कर्षाची वाट बघतायत. अपघात धरायचा की दुसरं काही, ते त्यावर ठरणार.”

“आणि यंत्र?”

“यंत्र बघा ना. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

बाईंनी बघितलं. टाकीत साधं पाणी भरलं, आम्लाच्या पिंपातही पाणीच घातलं आणि सकाळभर कळ दाबून पाहिली. कळीत एक लाल दिवा होता. कळ दाबली की दिवा लागे, पंप घरघरे, एक माप पडे, पंप थांबे. मग थोडा वेळ सगळं शांत, आणि नंतर दिवा विझे. दिवा विझेपर्यंत कळ कितीही दाबा, यंत्र दाद देत नसे. विझल्यावर पुन्हा दाबली की पुन्हा एक माप. एकदाही चूक झाली नाही.

“एका कळीला एक माप,” लोटलीकर म्हणाले. “दोन पडली म्हणजे कळ दोनदा दाबली गेली. यात तिसरं काही असू शकतं का, तुम्हीच सांगा.”

तिसरं काही बाईंनाही दिसत नव्हतं.

२

महादू समोर येऊन बसला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण श्वास अजून पुरता भरलेला नव्हता. दर दोन वाक्यांनी थांबावं लागे.

“मी कळ एकच डाव दाबली, बाय. माझ्या पोरांची आन.”

“धोंडिरामशी भांडण होतं तुमचं.”

“व्हतं. त्यानं मना गेटावरून हाकलला. ओहोटीला होडी नाय सुटली त्याला मी काय करू? शिवी दिली मी त्याला. हात पन टाकला. पन मारायचा असता तर आत कशाला धावलो असतो?”

“पश्चात्तापाने धावतात माणसं.”

महादू खोकू लागला. बाईंनी विचारलं, “दोन मापं पडली हे तुम्हाला कधी कळलं?”

“तवाच. पंप थांबायला पायजे तर थांबंचना. मी दिव्याकडं बघतोय, दिवा लालच. आनि आतून धोंडिराम आरडला.”

“त्या दिवशी यंत्रात आणखी काही वेगळं वाटलं?”

त्याने आठवून पाहिलं. “त्या हप्त्यात पडदा लय झपझप हालायचा. आकडे असे पळत. मना वाटला, वरच्या साहेबांनी काय दुरुस्त केला असंल. आता पुन्हा पयल्यासारखा झालाय ना? सकाळी तुमी दाबत व्हता तवा मी दारातून बघितला.”

बाईंनी ते ऐकून ठेवलं. जीव वाचवायला माणूस काहीही सांगतो, आणि यंत्र झपझप चालल्याने कुणी मरत नाही.

नंतर आली सोनूबाई. धोंडिरामची सख्खी बहीण, पॅकिंगमध्ये कामाला. अपघाताच्या वेळी ती शेडच्या पत्र्याच्या भिंतीला लागून पलीकडे बसली होती. तिच्या डोळ्यांत महादूविषयी एवढा राग होता की त्याचं नाव घ्यायलाही ती तयार नव्हती.

“त्याला सोडू नका, बाई. त्यानं मुद्दाम केलं. माझ्या कानांनी ऐकलंय मी.”

“काय ऐकलंत?”

“पंप. दिवसभर तोच ऐकते ना मी, सवयीचा झालाय. घरघर होते, थांबते, गप होतं. त्या दिवशी घरघर झाली ती थांबलीच नाही. एक माप संपलं तसं दुसरं सुरू. मधे श्वास घेण्याएवढीसुद्धा फट नाही. मेल्याला दम निघाला नाही, लागोपाठ दाबली त्यानं कळ!”

मृणालिनीबाईंची लेखणी थांबली.

“मधे फट नव्हती? नक्की?”

“नव्हती म्हणजे नव्हती. देवाशपथ सांगते. पाहिजे तर कोर्टात सांगेन.”

सोनूबाई निघून गेली तरी बाई तशाच बसून राहिल्या. सकाळभर त्यांनी स्वतः तो पंप ऐकला होता. घरघर, मग शांतता, मग दिवा विझणं. ती शांतता टाळून दुसऱ्यांदा कळ दाबणं माणसाच्या हातात नव्हतंच. महादूला फासावर चढवायला निघालेली सोनूबाई नकळत सांगून गेली होती की दुसरं माप त्याच्या बोटाने पडलं नाही.

मग ते कुणाच्या हुकमाने पडलं?

३

माडीवर चंद्रप्रकाश तळवडेकर बसत असे. परळच्या गिरणीतल्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा मुलगा, मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं. शिष्यवृत्त्यांवर शिकून डॉक्टरेटपर्यंत गेलेला. यंत्र ज्या भाषेत चालत होतं ती ‘सूत्र’ नावाची भाषा त्याने स्वतः रचली होती. तिचा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेलं यंत्राच्या बोलीत उतरवणारा प्रोग्राम, त्याचाच. आणि यंत्र चालू असताना खालून सगळा कारभार हाकणारा भागही त्याचाच. परदेशातल्या एका विद्यापीठाने या कामावर त्याला बोलावलं होतं. मार्चमध्ये तो निघणार होता.

“मला समजेल असं सांगा,” बाई म्हणाल्या. “तुमची भाषा इतरांपेक्षा वेगळी कशी?”

त्याचा चेहरा खुलला. आपल्या कामाबद्दल कुणी विचारावं याची तो वाटच बघत असावा.

“इतर भाषांत हिशेब समोर आला की यंत्र तो लगेच करून टाकतं. सूत्र तसं करत नाही. ते नुसती खूण ठेवतं, की हा हिशेब करायचा आहे. आम्ही त्याला वायदा म्हणतो. ज्याला कुणाला ते उत्तर पहिल्यांदा हवं होईल तो वायदा पुरा करतो आणि उत्तर त्याच जागी ठेवतो. मागून येणाऱ्याला ते तयार मिळतं.”

“आणि कुणाला हवंच झालं नाही तर?”

“मग वायदा तसाच पडून राहतो. अधूनमधून आमचा झाडूवाला फिरतो, म्हणजे तोही प्रोग्रामच. ज्या वायद्याची कुणालाच गरज उरली नाही तो उचलून जागा मोकळी करतो. फुकटचं काम नाही, कचरा नाही.”

“एकाच वायद्याचं उत्तर दोघांना एकदम हवं झालं तर?”

आतापर्यंत धबधब्यासारखा बोलणारा चंद्रप्रकाश किंचित थांबला.

“यंत्रात प्रोसेसर एकच आहे, मॅडम. मेंदू एक. त्यामुळे एकदम काही होतच नाही. सगळं एकामागून एक. आणि समजा, दोघांनी केला हिशेब, तरी उत्तर तेच येणार ना? सतरा गुणिले तीन तुम्ही केलं काय आणि मी केलं काय. या भाषेची सगळी मजा तीच आहे.”

त्याच्या शेजारच्या खोलीत नलिनी मेस्त्री होती. टाकीचा प्रोग्राम सूत्रमध्ये तिने लिहिला होता. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती प्रश्नाची वाट न बघता बोलत होती.

“माझ्या प्रोग्राममध्ये काही खोट आहे का, तेच मी तीन आठवडे शोधतेय. सापडत नाही.”

“प्रोग्राम पंपाला हुकूम देतो कसा? तळवडेकर म्हणतात, त्यांच्या भाषेत नुसते हिशेब होतात.”

नलिनीने मान खाली घातली. “खरं आहे. सूत्रमधून बाहेरच्या जगाला हात लावायला बंदी आहे. सरळ मार्गाने करायचं तर बराच खटाटोप असतो. पण चंदूने स्वतःच्या सोयीसाठी एक मागचं दार ठेवलंय. मी ते वापरलं. टाकीची नवी पातळी किती, हा एक वायदा आहे. तो पुरा करताना पंप एकदा चालतो आणि मग पातळी मोजली जाते. चंदू मागे ओरडला होता माझ्यावर, असं करू नकोस म्हणून. मी हो म्हटलं आणि राहूनच गेलं. लोटलीकर साहेबांना तारीख गाठायची होती.”

“त्या पातळीचं उत्तर कोणाकोणाला लागतं?”

“पडद्याला लागतं, आकडा दाखवायला. आणि धोक्याच्या घंटेला. पण त्याने बिघडत काही नाही. एक वायदा एकदाच पुरा होतो, दुसऱ्याला तयार उत्तर मिळतं. चंदूनेच शिकवलंय मला.”

“यंत्रात मेंदू एकच आहे, नाही का?”

“असेल. आम्हाला कळत नाही ते, आणि कळायची गरजही नाही. एक असो नाहीतर दहा, प्रोग्राम तोच. खालचं सगळं चंदू बघतो.”

बाई जिना उतरू लागल्या आणि मधल्याच पायरीवर थांबल्या. आजच्या यंत्रात दोष नव्हता. सकाळभर त्यांनी ते तपासलं होतं. पण तपासलेलं यंत्र आणि धोंडिराम गेला त्या दिवशीचं यंत्र एकच होतं, हे त्यांना सांगितलं कुणी? त्यांनी स्वतःच ते गृहीत धरलं होतं.

४

यंत्राचं कपाट शेडच्या कोपऱ्यात होतं. बाईंनी ते उघडायला लावलं. आत उभ्या खाचांमध्ये सर्किटचे बोर्ड ओळीने बसवलेले. ज्या खाचा रिकाम्या होत्या त्यांच्या तोंडावर पत्र्याच्या पट्ट्या लावलेल्या. शेडमधल्या आम्लाच्या वाफेने इथे लोखंडाचं काही धड राहत नसे. पट्ट्यांच्या स्क्रूंवर तांबडा गंज चढलेला होता.

एका पट्टीचे मात्र स्क्रू गंजलेले असूनही त्यांच्या खाचा चकचकीत होत्या. स्क्रूड्रायव्हर तिथे नुकताच फिरला होता.

बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. सरळ लोटलीकरांच्या केबिनमध्ये गेल्या, समोर आलेला चहा घेतला आणि सहज विचारावं तसं म्हणाल्या, “यंत्राचा वेग दुप्पट झाल्यावर गिऱ्हाइकं खूश झाली असतील.”

“खूश? अहो, बडोद्याची पार्टी बघतच राहिली!” लोटलीकरांना स्वतःला आवरता आलं नाही. “दुसरा प्रोसेसर बोर्ड घातला ना आम्ही. चंद्रप्रकाशने आठवड्याभरात सगळं जमवलं. नलिनीच्या प्रोग्रामला हात न लावता, बरं का! बाहेरसुद्धा अजून हे फार कुणाला जमलेलं नाही.”

“केव्हा घातला?”

“तोच आठवडा. म्हणजे…” ते जरा अडखळले. “धोंडिराम गेला त्याच्या चार-पाच दिवस आधी.”

“आणि काढला केव्हा?”

“काढला? कोणी काढला? आतच आहे तो.”

लोटलीकरांचा चेहरा पाहून बाईंची खात्री पटली की हा माणूस खोटं बोलत नाही. बोर्ड कपाटात नाही याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

“सगळ्यांना खाली शेडमध्ये बोलवा,” बाई म्हणाल्या. “महादूलाही.”

५

शेडमध्ये पाच माणसं जमली. सोनूबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून येऊन दाराशी उभी राहिली आणि तिला जा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

“दुसरं माप कळीने पडलेलं नाही,” बाईंनी सुरुवात केली. “दोन कळींच्या मधे शांतता असते. त्या दिवशी ती नव्हती. हे मला महादूने सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. हे या सोनूबाईंनी सांगितलंय, आणि त्यांना महादूला वाचवायचं नाही. म्हणजे कळ एक आणि हुकूम दोन. दोन हुकूम यंत्रातूनच गेले. आजचं यंत्र तसं करत नाही, कारण आजच्या यंत्रात एक मेंदू आहे. त्या दिवशी दोन होते. दोघांनी एकच वायदा, एकाच क्षणी, पुरा करायला घेतला. एकाने पडद्यासाठी, दुसऱ्याने घंटेसाठी. साधा हिशेब असता तर दोनदा होऊनही काही बिघडलं नसतं. या हिशेबात पंप होता.”

नलिनीच्या तोंडून हुंदका निघाला. तिने चंद्रप्रकाशकडे पाहिलं. “चंदू? दोन बोर्ड होते? मला सांगितलं नाहीस?”

“अपघातानंतर कुणीतरी दुसरा बोर्ड काढून घेतला,” बाई पुढे म्हणाल्या. “काढणाऱ्याला दोन्ही गोष्टी माहीत हव्यात. बोर्ड आत आहे ही एक, आणि त्यानेच घात केला ही दुसरी. लोटलीकरांना बोर्ड माहीत होता, वायद्याची भानगड त्यांना कळत नाही. नलिनीला वायदा माहीत होता, मागचं दार माहीत होतं, बोर्ड माहीत नव्हता. खाली मेंदू किती हे फक्त एकाच माणसाला बघावं लागतं. त्याच माणसाने आज मला सांगितलं की यंत्रात प्रोसेसर एकच आहे.”

सगळ्यांच्या नजरा वळल्या. चंद्रप्रकाशचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता.

“बोर्ड मी काढला. कबूल. त्या गोंधळात यंत्राला काही होऊ नये म्हणून काढला. त्याचा या मरणाशी संबंध आहे हा तुमचा तर्क झाला. वर माझ्या कपाटात आहे तो. लावतो. दाबा कळ.”

तो स्वतः वर गेला, बोर्ड घेऊन आला, स्वतःच्या हाताने बसवला. पडद्यावरचे आकडे झपझप पळू लागले.

“महादू,” बाई म्हणाल्या, “दाबा.”

महादूने कळ दाबली. पंप घरघरला, एक माप पाणी पडलं, पंप थांबला. शांतता. दिवा विझला.

पुन्हा दाबली. एक माप.

पुन्हा. एकच.

६

अर्धा-पाऊण तास उलटला असेल. लोटलीकरांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

“मॅडम, मला वाटतं पुरे झालं आता. तर्क चांगला होता, पण…”

बाईंनी पुन्हा पंपाकडे कान दिला. तर्कात कुठे भोक राहिलंय हे त्या मनाशी शोधत होत्या आणि ते त्यांना सापडत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या निष्कर्षाची धास्ती वाटली. हे असंच संपलं तर त्यांच्या लेखी निर्दोष असलेला माणूस त्यांच्याच सहीने तुरुंगात जाणार होता.

महादूला कुणी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून तो थांबला नव्हता. कळ दाबायची, खोकायचं, दिवा विझायची वाट बघायची, पुन्हा दाबायची. खोकल्याने तो वाकत होता. एकदा त्याने भिंतीला हात टेकला, तोंड पुसलं, आणि पुन्हा अंगठा कळीवर ठेवला. दाराशी उभी असलेली सोनूबाईसुद्धा आता त्याच्याकडे बघत होती.

“महादू, थांब,” चंद्रप्रकाश म्हणाला.

महादूने मागे वळून पाहिलं.

“असं नाही व्हायचं. दिवसभर दाबलीस तरी नाही होणार.” त्याने टाकीकडे बोट दाखवलं. “टाकी अर्धी रिकामी आहे. पातळी इतकी खाली असली की घंटेला उत्तर लागतच नाही, ती विचारतच नाही. वायदा एकट्या पडद्याचा राहतो. टाकी धोक्याच्या रेषेजवळ आली की मग दोघं एकदम मागतात. त्या दिवशी तशी होती. पाणी भरा. रेषेच्या जरा खाली आणा.”

लोटलीकर ओरडले, “चंद्रप्रकाश, तू काय बोलतोयस ते कळतंय का तुला?”

“कळतंय, साहेब.”

टाकीत नळी सोडली. पाणी रेषेपाशी आलं तसा तिथे कुणी हलेना. महादूने कळ दाबली. एक माप. प्रत्येक खेपेला पाणी काढून पातळी पुन्हा तिथेच आणत होते. दुसऱ्या खेपेलाही एकच माप. नंतरच्या एका खेपेला पंप घरघरला, माप संपलं, आणि घरघर थांबली नाही. लाल दिवा तसाच जळत राहिला. पंप एका दमात दुसरं माप ओतून मगच गप झाला.

सोनूबाई मटकन खाली बसली. “हाच,” ती म्हणाली. “हाच आवाज.”

चंद्रप्रकाश कपाटाला टेकून बोलू लागला. कुणी विचारायची वाट त्याने पाहिली नाही.

“एक मेंदू वायदा हातात घेतो तेव्हा त्यावर ‘काम चालू’ अशी खूण करायची आणि दुसऱ्याला थोपवून धरायचं, अशी सोय मी आधी केली होती. एक प्रकारचं कुलूपच. पण प्रत्येक वायद्याला कुलूप म्हटल्यावर वेग मरतो. दोन बोर्ड घालून दीडपटसुद्धा होईना. मग विचार केला, दोघांनी केलं तरी उत्तर तेच ना? थोडं काम फुकट जाईल, एवढंच. कुलूप काढून टाकलं. वेग दुप्पट झाला. मागच्या दाराचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते वापरू नकोस असं मी नलूला सांगितलं होतं, आणि तिने ऐकलं असेल असं धरून चाललो.”

“कळलं कधी?” बाईंनी विचारलं.

“त्याच दुपारी. धोंडिरामला गाडीत घालत होते आणि मी वर बसून नलूचा प्रोग्राम वाचत होतो. दहा मिनिटांत कळलं. खाली येऊन बोर्ड काढला.”

“नलूसाठी?” हे नलिनीने विचारलं.

“मी स्वतःला तसंच सांगितलं. तुझं नाव येईल, तू अडकशील.” तो कपाटापासून सरळ उभा राहिला. “पण खरं सांगायचं तर मार्चचं तिकीट डोळ्यांपुढे होतं. माझ्या भाषेने माणूस मारला हे बाहेर गेलं असतं तर सगळं संपलं असतं. महादू सुटेल असं वाटलं होतं मला. पुरावा नाही, अपघात धरतील, सोडून देतील. माझे बाबा गिरणीत असताना असंच एकदा दुसऱ्याचं बालंट त्यांच्यावर आलं होतं. सुटले नव्हते ते. तरीही मला तसं वाटलं.”

महादू कळीजवळच्या स्टुलावर बसला होता. त्याने चंद्रप्रकाशकडे बराच वेळ पाहिलं.

“तुमी मना इस्पितळात बघायला आला व्हता,” तो म्हणाला. “मोसंबी घेऊन.”



७

निष्कर्ष लिहायला बाईंना फार वेळ लागला नाही. महादू तांडेल निर्दोष. लोटलीकरांनी एकदाच विनवून पाहिलं.

“यंत्रात अचानक बिघाड झाला, एवढंच लिहिलं तर नाही चालणार का? बडोद्याची ऑर्डर जाईल, मॅडम. साठ माणसं आहेत इथे.”

“बिघाड झालेला नाही,” बाई म्हणाल्या. “यंत्राला जे करायला सांगितलं होतं तेच त्याने केलं. कोणी काय सांगितलं, कोणी काय काढलं आणि माणूस टाकीवर असताना पंप चालवायची पद्धत इथे कोणी ठेवली, ते मी लिहिणार आहे. तिसऱ्यात तुमचं नाव आहे.”

चंद्रप्रकाशने पोलिसांकडे जाऊन स्वतःच जबाब दिला. पुढे खटला उभा राहिला, तो वर्षानुवर्षं रेंगाळला, आणि मार्चचं विमान त्याच्याशिवाय गेलं. नलिनीने नोकरी सोडली, पण जाण्याआधी महिनाभर बसून तिने टाकीचा प्रोग्राम मागच्या दाराला हात न लावता पुन्हा लिहिला. कंपायलरमध्ये कुलूप परत घालायचं काम चंद्रप्रकाशने जामिनावर असताना केलं. दोघं एकाच खोलीत बसत, कामापुरतं बोलत.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मृणालिनीबाई फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या तेव्हा महादू बाहेर आला. त्याच्या पाठोपाठ सोनूबाई आली. तो बसस्टॉपच्या दिशेने वळला तशी तिने हाक मारली.

“महादू.”

तो थांबला. तीन आठवड्यांत तिने पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं.

“मी खोटं नव्हते बोलले.”

“ठावं हाय. ऐकलास तसाच सांगितलास तू.”

दोघं तशीच उभी राहिली. रस्त्यावरून कारखान्यांतून सुटलेली माणसं जात होती. सोनूबाईने पदराचा शेव मुठीत गच्च धरला होता.

“तू त्याला बाहेर काढलंस तेव्हा,” तिने विचारलं, “तो काही बोलला का?”

बाई दुसरीकडे बघू लागल्या. चौकशीत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, त्यांनीही नाही.

“पानी मागितला,” महादू म्हणाला. “मी वंजळीत आनला. दोन घोट गेलं.”

सोनूबाईने मान हलवली. मुठीतला शेव तिने सोडला.

“रविवारी त्याचा महिना घालायचाय,” शेवटी ती म्हणाली. “घाटकोपरला, आमच्याकडे. बायकोला घेऊन ये.”

“येतो,” महादू म्हणाला, आणि खोकत खोकत बसस्टॉपकडे चालू लागला.